आय अ‍ॅम ब्रोक, यार!

इंग्लिशमध्ये पैसे संपले की माणूस मोडतो. ‘ब्रोक’ होतो. मराठीत पैसे संपले की माणूस मोडत नाही, वाजायला लागतो. खडखडाट, ठणठणाट, ठणठणगोपाळ! रिकाम्या डब्यात चमचा फिरवल्यावर येतो ना, अगदी तो आवाज.

हे असले शब्द गोळा करायचा मला नाद आहे. कारण सरळ आहे. मी राहते राजगुरुनगरला आणि नोकरी करते तिथून दहा-बारा किलोमीटरवर, चाकणच्या एमआयडीसीत, क्वालिटी डिपार्टमेंटला. दिवसभर कस्टमरचे मेल, ऑडिट, कॉन्फरन्स कॉल... सगळं इंग्लिशमधून. संध्याकाळी तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमधून सुटून घरी आलं की ओट्यावर आजी, आणि आजीची मराठी. आमच्या गावालाही नावं दोन. हुतात्मा राजगुरूंचा जन्म १९०८ साली इथलाच, म्हणून पाटीवर राजगुरुनगर. पण एसटीत बसलेला माणूस कंडक्टरकडे तिकीट मागतो ते ‘एक खेड’ म्हणूनच. लिहायचं एक आणि बोलायचं दुसरं, याची आम्हाला सवयच आहे म्हणा ना!

बेल्ट आणि पोट

महिनाअखेर सगळ्यांचीच येते. पण ती कशी बोलून दाखवायची, याची प्रत्येक भाषेची तऱ्हा वेगळी. साहेब म्हणतो, ‘टाइटन युवर बेल्ट’. खाणं कमी झालं, पँट ढिली झाली, म्हणून पट्टा एक भोक मागे. आता हेच शब्दशः मराठीत आणा बरं. ‘कंबर कसा.’ झालं! काटकसर करायला निघालेला माणूस एकदम लढाईवरच निघाला. आपल्याकडे काटकसर पट्ट्यावर थांबत नाही. ती थेट आत जाते. आपण पोटालाच चिमटा काढतो.

‘मेक एंड्स मीट’मध्ये दोन टोकं जुळवायची असतात. आपली टोकं जुळत नाहीत तेव्हा ‘ओढाताण’ होते आणि वर ताकीद असतेच, अंथरूण पाहून पाय पसरा! ‘हँड टू माउथ’मध्ये हातातला घास सरळ तोंडात जातो. आपल्याकडे ‘हातावर पोट’ असतं. म्हणजे हात थांबला की पोट पडलं. काही ठिकाणी तर दोन्ही भाषा चक्क एकमेकींना भेटतात. फारसीत ‘तंग’ म्हणजे अरुंद, आवळलेलं. त्यामुळे ‘मनी इज टाइट’ म्हणणारा लंडनचा माणूस आणि ‘जरा तंगी आहे’ म्हणणारा आपला शेजारी एकाच बोळात अडकलेले असतात.

ब्रिटिशांचा ‘स्किंट’ तर भयंकरच. मूळ शब्द ‘स्किन्ड’, म्हणजे कातडी सोलून निघालेला. आपण ‘पार सोलून काढलं’ म्हणतो ते दुकानदाराबद्दल. ते स्वतःबद्दलच म्हणतात.

माझा सगळ्यात लाडका मात्र ‘पुअर अ‍ॅज अ चर्च माउस’. चर्चमध्ये स्वयंपाकघर नाही, कोठार नाही, त्यामुळे तिथल्या उंदराला खायला काय मिळणार? ही म्हण मी आजीला समजावून सांगितली. आजीला काही ती पटेना. देवळातला उंदीर आणि गरीब? आपल्याकडे नैवेद्य असतो, खोबरं असतं, आणि उंदराची ओळख तर थेट गणपतीशी! मोदकाचा पहिला वास त्यालाच. तेव्हा ही म्हण आमच्या खेडमध्ये चालणार नाही, असा निकाल आजीने दिला.

आणि एक शब्द तर इंग्लिशमध्ये नेताच येत नाही. ‘अठराविश्वे दारिद्र्य’. याची फोड अशी सांगतात की अठरा गुणिले वीस म्हणजे तीनशे साठ. वर्षाचे सगळे दिवस! ‘ब्रोक’ माणूस एक तारखेला दुरुस्त होतो. अठराविश्वेवाल्याच्या कॅलेंडरात एक तारीखच नसते.

भरदिवसा दिवा

‘बँक्रप्ट’चं मूळ इटालियन भाषेत सापडतं. बांका रोत्ता, म्हणजे मोडकं बाकडं. सराफ बाजारात बाकडं टाकून पैशांचे व्यवहार करायचे, एखादा बुडाला की त्याचं बाकडं मोडून टाकायचे, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडची गोष्ट त्याहून नाट्यमय आहे. ‘दिवाळं’ या शब्दाचं नातं दिव्याशी जोडतात. धंद्यात बुडालेला व्यापारी म्हणे दुकानात भरदिवसा दिवा लावायचा. रस्त्यावरच्या माणसाने तो जळता दिवा पाहिला की समजायचं, शेटजी बसले!

दोन्ही कथा किती खऱ्या, यावर जाणकार वाद घालतात. घालू देत. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बाकडं काय किंवा दिवा काय, दोन्हीकडे पैसे संपल्याचं गावाला दिसत होतं. तोंडाने बोलावं लागत नव्हतं.

आता कुठे दिसतं? खिशातला फोन सगळ्यांचा सारखाच. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पाकीट उघडून दोनदा नोटा मोजणंही संपलं. टपरीवर स्कॅन करताना कुणाच्या खात्यात साठ हजार आहेत आणि कुणाच्या खात्यात साठ रुपये, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. ‘टिंग’ सारखाच वाजतो.

सोंगाचे सुलभ हप्ते

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, ही आजीची आवडती म्हण. पण आजीने क्रेडिट कार्ड वापरलेलं नाही. आता पैशाचं सोंगही आणता येतं, तेही सुलभ हप्त्यांत!

आमच्या ऑफिसात चोवीस-पंचवीस तारखेला ‘आय अ‍ॅम ब्रोक, यार’चा सीझन सुरू होतो. म्हणणारा कोण असतो? त्याच्या नव्या फोनचा ईएमआय चालू असतो, गोव्याचं बुकिंग झालेलं असतं, आणि हे वाक्य तो पिझ्झा ऑर्डर करता करता म्हणत असतो. खोटं बोलतोय का? अजिबात नाही. खात्यात खरंच काही उरलेलं नसतं. पण ‘ब्रोक’मध्ये ‘आत्तापुरता’ हा शब्द गृहीत धरलेला असतो. एक तारखेला पगार येणार, याची खात्री असलेल्या माणसाचा तो शब्द आहे. म्हणून तर आपण हसून म्हणतो, ‘सेम हिअर!’

हेच वाक्य मराठीत म्हणून बघा. ‘माझ्याकडे पैसे नाहीत.’ एकदम शांतता पसरते ना? ‘सेम हिअर’ म्हणता येत नाही. कुणी विचारतं, काय झालं रे, सगळं ठीक ना? इंग्लिशमध्ये ती हवामानाची बातमी असते. मराठीत ती हाक होते.

अर्थात सोंगाचं बिलही येतंच. पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सनी लोकांच्या फोनमधल्या नंबरांवर फोन करून वसुली केल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या, की सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेला नियम काढावे लागले. कर्जाचा खरा वार्षिक खर्च आधी सांगा, आणि ग्राहकाच्या कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावू नका! म्हणजे भरदिवसाचा दिवा परत आलाच म्हणायचा. फरक एवढाच, की आता तो दुसराच कुणीतरी तुमच्या नावाने लावत होता.

न बोललेल्या कडकीचा शब्दकोश

तर ‘ब्रोक’ म्हणणारे आपल्याला ठाऊक आहेत. पण ज्यांचा खडखडाट खरा असतो, ते काय म्हणतात? ते खडखडाट म्हणत नाहीत, तंगी म्हणत नाहीत, चणचण म्हणत नाहीत. त्यांची वाक्यं अगदी साधी असतात. इतकी साधी, की कुठल्याही भाषेच्या कोशात ती या अर्थाने सापडणार नाहीत. मी जमवलेली काही देते.

‘मला भूक नाही.’ — कँटीनचं कूपन संपलंय.

‘पिक्चर काही खास नाही म्हणे.’ — तिकीट अडीचशेचं आहे.

‘मी चालतच जातो, तेवढाच व्यायाम.’ — रिक्षाचे तीस रुपये वाचतात.

‘या वेळी गावाला नाही जात, कंपनीत लोड आहे.’ — गेलं की पोरांसाठी काहीतरी न्यावं लागतं.

‘मला बाई गोड आवडतच नाही.’ — ही आईची खासियत. एक पेढा कमी पडला की तिला गोड आवडेनासं होतं.

‘थोडा प्रॉब्लेम आहे, सर.’ — यातला ‘थोडा’ हा शब्द कधीच खरा मानू नये.

बघा, एकाही वाक्यात पैसा हा शब्द नाही. ‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा’, अशी थट्टा करणारी म्हण आपल्याकडे आहे. पण या वाक्यांत कसला आलाय बाजीराव? इथे कुणाला मोठं दिसायचं नसतं. समोरच्याला अवघडायला होऊ नये, एवढीच धडपड असते.

बेस्तरवारची गोष्ट

चाकणला बजाज आली, फोक्सवॅगन, महिंद्र, मर्सिडीज आल्या, त्यांच्यामागून पार्ट बनवणाऱ्या छोट्या-मोठ्या कंपन्या आल्या, आणि आमच्या भागात जिथे तिथे भाड्याच्या खोल्या उगवल्या. आमच्या घरावरही दोन काढल्यात. मराठवाड्यातली, विदर्भातली पोरं राहतात. आयटीआय केलेली, ठेकेदारामार्फत लागलेली. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी मेसचा डबा, रात्री गावाकडे फोन. फोनवरचं वाक्य ठरलेलं. ‘सगळं बरंय.’

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. महिन्याची बारा तारीख असेल. वरच्या खोलीतला जालन्याकडचा मुलगा संध्याकाळी जिना चढत होता. रोज हातात डबा असायचा, त्या दिवशी हात मोकळे.

आजीने ओट्यावरून विचारलं, “जेवलास का रं बाळा?”

“हो आजी, कंपनीत झालं जेवण.”

“बरं,” आजी म्हणाली. त्याला तीन-चार पायऱ्या चढू दिल्या. मग हाक मारली. “अरं ऐक, आज पिठलं लई झालंय बघ. सकाळी टाकून द्यायचं जिवावर येतं. तेवढं संपवतोस का?”

तो खाली आला. बसला. तीन भाकरी खाल्ल्या. आजी तोवर पावसाबद्दल बोलत होती. तो वर गेल्यावर मी म्हटलं, अगं, पिठलं कुठे जास्त होतं? तू तर त्याच्यासमोर दुसऱ्यांदा टाकलंस. आजी म्हणाली, “आज बेस्तरवार हाय. कंपनीला सुट्टी. कंपनीत कुठला जेवला त्यो?”

आमच्याकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण वाक्य ऐकल्याबरोबर वार मोजायचा, हे आजीचं कसब.

रात्री अण्णा, म्हणजे माझे वडील, वर जाऊन आले. मग हळूहळू कळलं. ठेकेदाराने पगार दिला नव्हता. मेसवाल्याने डबा बंद केला होता. खोलीतली तिन्ही पोरं बिस्किटांवर होती. अण्णांनी दोन हजार रुपये त्याच्या हातात ठेवले आणि म्हणाले, “हे हातउसने.”

आता हा शब्द बघा. इंग्लिशमध्ये लोन म्हणजे लोन. बँकेचं असो नाही तर मित्राचं. आपल्याकडे कर्ज वेगळं, उधारी वेगळी, उचल वेगळी आणि हातउसने वेगळे. कर्जाला व्याज असतं, उधारीला दुकानदाराची वही असते, उचल पुढच्या मजुरीतून कापली जाते. हातउसन्याला यातलं काहीच नसतं. या हातातून त्या हातात, आणि सवडीने परत. वाटीभर साखरही उसनी असते आणि दोन हजारही उसनेच. त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. शेजारी शेजाऱ्याला देतो तेवढंच ते. पगार झाला त्या संध्याकाळी त्या मुलाने पैसे आणून दिले. अण्णांनी मोजले नाहीत. तशीच पद्धत असते.

ब्रेकचा भूतकाळ

मी मात्र ऑफिसवाली. मी त्याला कायदा सांगायला बसले. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात पगाराची मुदत ठरवून दिली होती. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारीख, जास्त असतील तर दहा. पुढे २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि त्यात मासिक पगाराला सरसकट सात तारखेची मुदत आहे. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासूनचं. म्हणजे ‘पेमेंट अडकलंय’ हे ठेकेदाराचं उत्तर कायद्यात बसत नाही. कामगार आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार करता येते. आपल्यापैकी जे एचआरमध्ये, अकाउंट्समध्ये बसतात, त्यांनी तर आठ तारखेला एकदा ठेकेदाराचं पगारपत्रक मागून बघायलाच हवं.

तो सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, “बरोबर आहे ताई. पण नाव पुढे आलं तर ब्रेक देतील.”

‘ब्रेक’ म्हणजे चहाचा ब्रेक नव्हे बरं का. आमच्या भागात कंत्राटी पोरांना काही महिन्यांनी कामावरून कमी करतात, त्याला ‘ब्रेक देणं’ म्हणतात. पुन्हा घेतील तेव्हा घेतील. शाळेत आपण क्रियापदांची रूपं घोकली होती ना? ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. त्या मुलाने आयुष्यात कधी ‘आय अ‍ॅम ब्रोक’ म्हटलं नसेल. पण त्या शब्दाचा वर्तमानकाळ त्याच्याइतका आमच्या ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही.

पिठलं जास्त झालंय

आजीकडून मी एक गोष्ट शिकले. न बोलता मागण्याची भाषा असते, तशी न बोलता देण्याचीही असते. ‘पिठलं जास्त झालंय.’ ‘सुट्टे नाहीत, राहू दे, पुढच्या वेळी दे.’ ‘हा शर्ट याला घट्ट होतो, बघ तुझ्या पोराला बसतो का.’ ‘मी त्याच बाजूला चाललेय, बस गाडीवर.’ ही वाक्यंही खोटीच असतात. पण ती त्या पहिल्या खोट्याला उत्तर म्हणून आलेली असतात. एक म्हणतो भूक नाही, दुसरा म्हणतो पिठलं जास्त झालंय. दोघांनाही खरं काय ते कळलेलं असतं, आणि दोघांचीही मान शाबूत राहते.

आमच्या ऑफिसात कुणाचा बर्थडे असला की ग्रुपवर मेसेज येतो. पर हेड साडेपाचशे, स्प्लिट केलंय, पाठवून द्या. तीस तारखेच्या आसपास आमच्याकडची स्टायपेंडवरची ट्रेनी मुलगी नेमकी अ‍ॅसिडिटीने आजारी पडते. मी आता तारीख मोजते. “अगं, माझ्याकडे दोघींचं व्हाउचर पडून आहे, उद्या एक्स्पायर होतंय. चल ना!” व्हाउचर वगैरे काही नसतं. पण तिची अ‍ॅसिडिटी पाच मिनिटांत बरी होते. मागच्याच आठवड्यात तिने माझ्या टेबलावर डबा ठेवला. म्हणाली, “ताई, आईने पुरणपोळ्या जास्तच केल्यात.”

तेव्हा मंडळी, या महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर जरा कान उघडे ठेवा. कुणी म्हणालं ‘भूक नाही’, तर घड्याळ नको, कॅलेंडर बघा. वारही बघा. आणि कुणी पिझ्झा मागवता मागवता म्हणालं, ‘आय अ‍ॅम ब्रोक, यार’, तर खुशाल त्यातला एक तुकडा उचला. त्याचं काही अडत नाही!